मागच्या फळीतला नायक

लंडनच्या वेम्बली मैदानावर २८ मे २०११ रोजी बार्सिलोनाने मँचेस्टर युनायटेडचा ३-१ असा पराभव करून युरोपातील सर्वश्रेष्ठ फुटबॉल संघाचा करंडक जिंकला. तो प्रथम हाती घेण्याचा मान रूढीप्रमाणे कर्णधाराचा. परंतु कर्णधार कार्लेस पुयोल याने आपली दंडपट्टी एरिक अबिदाल या सहकाऱ्यास दिली आणि त्यालाच पुढे केले. अवघ्या अडीच महिन्यांपूर्वी अबिदालच्या यकृतातील गाठीवर शस्त्रक्रिया झाली होती.

दुसऱ्यास पुढे करून आपण मागे राहणे, हे पुयोलचे मैदानावरील नित्याचे कामच होते. आमच्या गोव्याकडील वाचकांस फुटबॉल नव्याने समजावून सांगावयास नको. पण इंदूर-बडोद्याकडील वाचकांसाठी दोन शब्द लिहितो. गोल करणारा आघाडीचा खेळाडू सर्वांच्या लक्षात राहतो. मागच्या फळीतल्या बचावपटूने मात्र नव्वद मिनिटांत वीस वेळा संकट परतवले, तरी त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. एकदा पाय घसरला की तेवढे साऱ्यांना दिसते. घरातील कर्त्या गृहिणीच्या श्रमांचेही असेच नाही काय?

पुयोलचा जन्म १३ एप्रिल १९७८ चा. स्पेनच्या कातालोनिया प्रांतातील ला पोब्ला दे सेगूर हे त्याचे डोंगराळ भागातले लहानसे गाव. बालपणी तो गोलरक्षक होता. खांद्याच्या दुखण्यामुळे ती जागा सोडावी लागली. १९९५ साली, सतरा वर्षांचा असताना, तो बार्सिलोना क्लबच्या ‘ला मासिया’ या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला. तेथील मुले बहुधा त्याहून लहान वयातच येत. चेंडूवरील नजाकतीत त्याच्याहून सरस खेळाडू पुष्कळ होते. ती उणीव त्याने कष्टाने आणि निर्भयतेने भरून काढली. १९९९ मध्ये प्रशिक्षक लुई व्हॅन गाल यांनी त्याला मुख्य संघात घेतले. २००४ मध्ये तो कर्णधार झाला. त्यापूर्वीची काही वर्षे क्लबला मोठ्या विजेतेपदावाचून गेली होती. पुयोलच्या काळात मात्र स्पेनच्या लीगचे सहा आणि युरोपचे तीन करंडक क्लबच्या घरी आले.

ज्याचे काम गोल अडविण्याचे, त्याच्याच हातून देशासाठीचा एक अविस्मरणीय गोल व्हावा, हा योग मोठा विलक्षण! ७ जुलै २०१० रोजी डर्बन येथे विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात स्पेनची गाठ जर्मनीशी पडली होती. ७३ व्या मिनिटास शावीचा कॉर्नर आला आणि खांद्यावर रुळणारे कुरळे केस उडवीत पुयोल मागून धावत आला. उंच झेप घेऊन त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. स्पेन १-० असा जिंकला आणि चार दिवसांनी प्रथमच जगज्जेता झाला. देशाकडून शंभर सामने खेळलेल्या पुयोलच्या नावावर गोल आहेत केवळ तीन.

विजयातही त्याचा संयम सुटत नसे. २०१२ मध्ये रायो वायेकानो संघावर ७-० असा विजय मिळविताना, एका गोलानंतर त्याचे दोन सहकारी नाचू लागले. पुयोलने धावत जाऊन त्यांना तेथेच आवरले. हरणाऱ्याचा उपमर्द त्याला मान्य नव्हता.

गुडघ्याच्या दुखापतींनी अखेर त्याला थांबविले. जन्मभर एकाच क्लबची वस्त्रे अंगावर वागवून, ५९३ सामन्यांनंतर, २०१४ मध्ये त्याने बार्सिलोनाचा निरोप घेतला. करंडक कपाटात राहतात आणि आकडे वह्यांत; परंतु वेम्बलीवर दुसऱ्याच्या हाती दिलेली ती पट्टी पाहणाऱ्यांच्या मनात राहिली. आपल्या घरातील मुलांना थोर खेळाडूंच्या गोष्टी सांगताना, गोल करणाऱ्यांच्या जोडीने हा गोल अडविणाराही सांगावा, असे आम्हांस मनापासून वाटते.