मोह बेकरीचा, नाव दुधाचे

व्हेगन व्हायचे ठरवले की मांस, मासे, अंडी यांचा निकाल चटकन लागतो, कारण ती ताटात उघड दिसतात. दूध, दही, तूप यांचाही बंदोबस्त घरच्या घरी करता येतो. गाडी अडते ती बेकरीपाशी. भट्टीतून नुकत्याच निघालेल्या घाण्याचा वास गल्लीभर दरवळत असतो, खारीशिवाय चहा घशाखाली उतरत नाही आणि ऑफिसात कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. तिथे पाय घसरला की ‘दुधातुपाशिवाय आपल्याला जमायचे नाही’ असे म्हणून मंडळी मोकळी होतात. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. बेकरीतला मोह बहुतांशी दुधाचा नसतोच.

तो कशाचा असतो, ते बऱ्यापैकी ठाऊक आहे. भाजलेल्या पावाचा खरपूस वास आणि बदामी रंग यांमागे प्रथिने आणि शर्करा यांच्यात उष्णतेने घडणारी रासायनिक प्रक्रिया असते. लुई-कामिय मायार या फ्रेंच संशोधकाने 1912 मध्ये तिचे वर्णन केले. ती घडायला गव्हातली प्रथिने पुरतात, गाय लागत नाही. दुसरी गोष्ट पिष्ट-साखर आणि स्निग्धांश यांच्या जोडीची. 2018 मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना खाण्याच्या पदार्थांसाठी पैशांची बोली लावायला सांगितले होते. उष्मांक सारखे असूनही नुसत्या स्निग्ध किंवा नुसत्या पिष्टमय पदार्थांपेक्षा दोन्ही असलेल्या पदार्थांवर त्यांनी जास्त बोली लावली. ही जोडी निसर्गात क्वचितच भेटते, बेकरीत मात्र प्रत्येक बरणीत. त्यातला स्निग्धांश लोण्यातून आला की तेलातून, हा प्रश्न नंतरचा.

खारीच पाहा. मैद्याची पोळी लाटायची, तिच्यावर स्निग्ध पदार्थ पसरायचा, घडी घालून पुन्हा लाटायची आणि हे पुन्हा पुन्हा करायचे. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती एकेक पापुद्रा वर उचलते. यासाठी स्निग्ध पदार्थ लाटताना घट्ट राहावा लागतो. आपल्या हवेत लोणी पाघळते. म्हणून गल्लीतल्या बेकऱ्यांत खारीसाठी सहसा वनस्पती तूप किंवा बेकरीचे मार्जरीन वापरतात. म्हणजे ज्या खारीसाठी जीव टाकला, तिच्यात लोण्याचा अंशही नसू शकतो. लादीपावाचे मूळ साहित्य मैदा, पाणी, यीस्ट, मीठ आणि थोडी साखर एवढेच. गोव्याची कोंडा लावलेली पोळी (हा तिथला एक पाव) एकेकाळी माडाच्या सुरेवर फुगत असे, आता बहुतेक ठिकाणी यीस्टवर फुगते.

खरा सापळा आहे तो एगलेस केकचा. शाकाहारी घरांत अंडे वगळले, ते बरोबरच. पण त्याच्या जागी आले कंडेन्स्ड मिल्क किंवा दही. केकमध्ये अंडे हवा धरून ठेवते आणि उष्णतेने घट्ट होऊन ढाचा सांभाळते. ते काढून आपण दुधाचा डोस वाढवला. खरे तर दुधाचीही गरज नव्हती. महामंदीच्या काळात, 1930 च्या दशकात, अमेरिकेत दूध, अंडी, लोणी यांवाचून केक होत असत. तेल, व्हिनेगर आणि खायचा सोडा यांवर ते भागे. 2015 च्या सुमारास तर काबुली चणे शिजवलेले पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखे फेसाळते, हेही घरगुती प्रयोग करणाऱ्यांनी दाखवून दिले.

यावर कुणी म्हणेल, लोण्याची चव वेगळीच. मान्य. साजूक तुपातल्या नानकटाईला तोड नाही. खोबरेल तेलात ती खुसखुशीत होते, पण हे तेल 25 अंशांच्या आसपासच वितळते, त्यामुळे उन्हाळ्यात गोळे थंड केल्याशिवाय भट्टीत घातले तर पसरतात. दुसरा आक्षेप आरोग्याचा: वनस्पती तूप काय कमी वाईट? तेही खरे. भारतात जानेवारी 2022 पासून तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आली असली, तरी व्हेगन खारी ही शेवटी मैदा आणि वनस्पती तूपच आहे. व्हेगन म्हणजे पथ्यकर, हा समज जितक्या लवकर जाईल तितके बरे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत कडक आहे. हे तत्त्वाचे प्रकरण आहे, डाएट नव्हे. मग एक तुकडा तरी कसा चालेल? इथे 1975 चा हर्मन आणि मॅक यांचा प्रयोग आठवतो. खाण्यावर बंधन घालून घेणाऱ्या स्त्रियांना आधी मिल्कशेक दिला, तर नंतर त्यांनी आइस्क्रीम कमी नव्हे, जास्तच खाल्ले. ‘मोडलेच आहे, आता काय!’ प्रयोग वजनाची चिंता करणाऱ्यांवरचा होता, व्हेगनांवरचा नव्हे. पण मन त्याच धाटणीचे असते. इंग्लंडमध्ये 1944 साली स्थापन झालेल्या व्हेगन सोसायटीची व्याख्याही ‘शक्य आणि व्यवहार्य असेल तितके’ अशी मुभा ठेवते. केकच्या एका तुकड्यापायी सगळा बेत मोडला तर गायीला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

तेव्हा बेकरी सोडू नका, चौकशी करा. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, दूध त्यात चालते. व्हेगन पदार्थांसाठी 2022 च्या नियमांनी वेगळे चिन्ह आले आहे. ते नसेल तर घटकांच्या यादीशेजारची ॲलर्जीची सूचना वाचा, दूध असल्यास तिथे लिहिणे बंधनकारक आहे. सुट्या मालावर असे काही छापलेले नसते. तिथे गल्ल्यावर तीन गोष्टी विचाराव्यात: तूप कोणते, दूध पावडर घातली आहे का, आणि वरून चकाकीसाठी दूध किंवा अंडे फिरवले आहे का.