ई-बाईक घेताय? आधी 'रेंज'चा आकडा कसा मोजलाय ते विचारा

फेलोशिप लागली की पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न हमखास येतो: लॅबला जायला इलेक्ट्रिक गाडी घेऊ का, आणि कोणती? यूट्यूबवर तुलना ढिगाने सापडतात. पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत आहात, तेव्हा हा प्रश्न त्याच नजरेने बघू. कुठलाही आकडा समोर आला की पहिला प्रश्न एकच: तो कोणत्या परिस्थितीत मोजलाय?

शोरूममध्ये 'एका चार्जमध्ये 120 किलोमीटर' असं लिहिलेलं असतं. हा बहुतेक वेळा आयडीसी, म्हणजे इंडियन ड्रायव्हिंग सायकलवरचा आकडा. हे 108 सेकंदांचं एक ठरलेलं चक्र आहे: वेग वाढवा, स्थिर ठेवा, ब्रेक, थांबा, पुन्हा तेच. त्यातला सरासरी वेग ताशी सुमारे 22 किलोमीटर आणि कमाल वेग 42. कंपनी खोटं बोलत नाही. सगळ्या गाड्या एकाच मापाने मोजायच्या तर अशी काहीतरी चाचणी लागतेच. फक्त पाम बीच रोडवर ताशी 22 ने कोण चालवतं?

इथे थोडं अकरावीचं भौतिकशास्त्र. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 40 वरून 60 वर गेलात तर हवेपायी दर किलोमीटरला लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. शहरातल्या संथ रहदारीत साधारण स्कूटरला किलोमीटरमागे 25 ते 30 वॉट-तास लागतात, सलग 60 ला 40 किंवा त्याहूनही जास्त. म्हणजे 3 किलोवॅट-तासांची (वीजबिलाच्या भाषेत 3 युनिट) तीच बॅटरी एकाला 100 किलोमीटर देते आणि दुसऱ्याला 75. चढ त्यामानाने स्वस्त पडतो. गाडी आणि तुम्ही मिळून 180 किलो धरलं, तर 100 मीटर उंची चढायला 50 वॉट-तास लागतात. बेलापूरची पारसिक टेकडी चढणाऱ्यांनी रेंजची फार काळजी करू नये, मोटर चढावर दम टाकत नाही ना ते बघावं. एथरसारख्या काही कंपन्या आयडीसीबरोबर रोजच्या वापरातला वेगळा आकडाही देतात. तुलना करताना दोन्ही गाड्यांचा एकाच प्रकारचा आकडा घ्या, नाहीतर सफरचंद आणि फणस.

आता तुमची गरज. दोन आठवडे रोज किती किलोमीटर फिरलात ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. आणि सरासरी काढून मोकळे होऊ नका. खारघर ते वाशी जाऊन-येऊन 28 किलोमीटर धरले, तरी महिन्यातून दोनदा सँपल घेऊन थेट पवईला जावं लागत असेल, तर गाडी त्या दिवसाला पुरली पाहिजे. (दक्षिण मुंबईला जाणाऱ्यांनो, अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे, तेव्हा वाशीच्या पुलावरूनचं अंतर धरा.) वर बॅटरी काही वर्षांत थोडी उतरते, म्हणून त्या सर्वांत लांबच्या दिवसाच्या दीडपट खरी रेंज असली की पुरे. त्यापुढची रेंज म्हणजे रोज उगाच वाहायचं वजन आणि न वापरलेले पैसे.

पैशांचं गणितही किलोमीटरवरच ठरतं. रोज 28 किलोमीटर, महिन्याला 22 दिवस. पेट्रोल स्कूटर लिटरला 45 देते, पेट्रोल 104 रुपये धरलं तर दिवसाला 65 रुपये. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून सव्वा युनिटच्या आत, 10 रुपये दराने 12 रुपये. महिन्याला अकराशे-साडेअकराशे वाचतात. इलेक्ट्रिक गाडी 25,000 ने महाग असेल तर दोन वर्षांच्या आत फिटते. पण तुम्ही हॉस्टेलवर राहता आणि रोज 6 किलोमीटरच फिरता, तर वाचतात अडीचशे रुपये. फिटायला आठ वर्षं. तेवढ्यात पीएचडी संपते (आशा तरी अशीच असते). अशांनी 250 वॉटपर्यंतची, ताशी 25 च्या आत चालणारी ई-सायकल बघावी. तिला लायसन्स लागत नाही, नोंदणीही नाही. जेआरएफचे 37,000 दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही, हप्ता मात्र वेळेवर जातो. म्हणून हप्ता असा ठेवा की तीन महिने पैसे आले नाहीत तरी भरता येईल. सबसिडीवर विसंबू नका. पीएम ई-ड्राइव्हमध्ये ती आधी किलोवॅट-तासाला 5,000 होती, पुढच्या वर्षी निम्मी झाली. ऑन-रोड किंमत लेखी घ्या.

माझ्या मते नवी मुंबईत खरा निर्णय चार्जिंगवर होतो. सिडकोच्या जुन्या चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारतीत भाड्याने राहत असाल तर आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा, मग शोरूममध्ये जा. खाली पार्किंगमध्ये 15 अँपिअरचा पॉइंट आणि वेगळा सबमीटर घ्यायची लेखी परवानगी मिळाली तर कुठलीही गाडी चालेल. नाही मिळाली तर काढता येणारी बॅटरीच हवी. पण एका पॅकचं वजन दहा किलोच्या आसपास असतं. रोज रात्री चौथा मजला चढून बघा. खिडकीतून एक्स्टेंशन वायर सोडणं हा पर्याय नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

पावसाचं निघालंच आहे तर: 'आयपी 67' म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग. ही चाचणी नव्या वस्तूवर आणि स्थिर पाण्यात होते. तुंबलेल्या सबवेत गाडी घालायचा तो परवाना नव्हे.

शेवटी टेस्ट राइड. शोरूमवाले तीन किलोमीटरची फेरी देतात. स्क्रीनवर 4 टक्के उतरलेले दिसतील, पण स्क्रीन पूर्ण टक्केच दाखवते, म्हणजे खरा आकडा 3 ते 5 मध्ये कुठेही असू शकतो. त्यावरून रेंज काढली तर 60 ते 100 किलोमीटर! या मोजमापाचा काय उपयोग? 15 किलोमीटर मागा, तुमच्याच रस्त्यावर, तुमच्याच वेगाने, जमलं तर मागे कुणाला बसवून. 20 टक्के उतरले तर उत्तर 71 ते 79 च्या मध्ये येतं. एवढी लांब राइड द्यायला कुरकुर केली, तर शनिवार-रविवार सोडून सकाळी जा. तेव्हा गर्दी नसते, सहसा देतात.