पावले मोजणारी चटई

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वणीला नाशिकमध्ये किती माणसे आली, या प्रश्नाचे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या अंदाजानेच दिले जात आले आहे. रेल्वे आणि एसटीचे प्रवासी, वाहनतळांवर लागलेल्या गाड्या, घाटांची छायाचित्रे आणि बंदोबस्तावरील अधिकाऱ्यांची सरावलेली नजर यांचा मेळ घालून जो आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतो, तो इतिहासाला पुरेसा असला तरी बंदोबस्ताच्या फारसा उपयोगी पडत नाही. कारण चेंगराचेंगरी दिवसभराच्या एकूण संख्येमुळे होत नाही, ती एखाद्या अरुंद जागी काही मिनिटांत दाटलेल्या माणसांमुळे होते. २७ ऑगस्ट २००३ च्या शाही पर्वणीला रामकुंडाकडे जाणाऱ्या वाटेवर सरदार चौकात नेमके हेच घडले आणि ३९ भाविकांचा जीव गेला. पंचवटीतील जुने रस्ते अरुंद, वळणावळणाचे आणि नदीकडे उतरत जाणारे असल्यामुळे मागून येणाऱ्या लोंढ्याला पुढे वाट तुंबली आहे हे कळण्याचा मार्ग नसतो. दर चौरस मीटरमागे चार-पाच माणसे उभी असेपर्यंत गर्दी कशीबशी सरकत राहते, त्यापलीकडे मात्र शरीरे एकमेकांना इतकी भिडतात की कोणालाही स्वतःच्या इच्छेने पाऊल उचलता येत नाही आणि एका टोकाचा धक्का दुसऱ्या टोकापर्यंत पोचतो, असे गर्दीच्या अभ्यासकांचे निरीक्षण आहे. म्हणून मोजायचे असते ते एवढेच, की या क्षणी या वाटेने मिनिटाला किती माणसे आत जात आहेत.

हे मोजण्यासाठी २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्या तरुणांनी जे यंत्र वापरून पाहिले, ते म्हणजे जमिनीवर अंथरायची, दाब ओळखणारी चटई होती. पावलांच्या आवाजासाठी असलेला ‘अशिओटो’ हा जपानी शब्द तिला नाव म्हणून देण्यात आला. तिचा जन्म कोणत्याही कारखान्यात वा सरकारी प्रयोगशाळेत झाला नाही, तर ‘कुंभथॉन’ नावाच्या उपक्रमात झाला. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या या शिबिरांत स्थानिक विद्यार्थी, अभियंते, डॉक्टर, व्यावसायिक आणि परदेशी संशोधक एकत्र बसत आणि लाखोंचे तात्पुरते शहर उभे राहिले की आरोग्य, निवास, भोजन, वाहतूक यांचे जे प्रश्न निर्माण होतात, त्यांवर हाताने काहीतरी बनवून पाहत. चटईच्या गटातील नीलय कुलकर्णी हा त्या वेळी अवघा १५ वर्षांचा होता आणि त्याचे सहकारीही जेमतेम विशीतले होते. पुढे ‘टेड’ व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर त्याने या चटईची हकिकत सांगितली आणि ती जगभर पोचली.

पंधरा वर्षांच्या मुलाला असे काम हाती घेता येते, यामागे मायक्रोकंट्रोलर नावाच्या वस्तूचा चार दशकांचा इतिहास आहे. गणन करणारा प्रोसेसर, आज्ञावली साठवण्याची स्मृती आणि बाहेरच्या तारा जोडण्याच्या पिना हे सारे एकाच चिपवर सामावलेला, एकच काम न कंटाळता करत राहणारा छोटा संगणक म्हणजे मायक्रोकंट्रोलर. इंटेलने १९८० मध्ये आणलेला ८०५१ हा त्यांतला सर्वांत नावाजलेला. अभियांत्रिकी पदविकेच्या अभ्यासक्रमामुळे महाराष्ट्रातील इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या त्याच्यावरच शिकल्या. परंतु त्याच्यात आज्ञावली भरण्यासाठी वेगळे यंत्र लागे, भाषा बहुधा असेम्ब्लीची असे आणि चूक झाली की सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. २००५ मध्ये इटलीतील इव्हरेआ येथे, इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नसलेल्या अभिकल्पाच्या विद्यार्थ्यांसाठी तयार झालेल्या आर्डुइनो या पट्टीने हा अडसर दूर केला. तिच्या उनो या लोकप्रिय आवृत्तीतील चिपजवळ आज्ञावलीसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी केवळ २ किलोबाइट स्मृती असते, घड्याळ १६ मेगाहर्ट्‌झचे असते, आणि संगणकाची यूएसबी केबल जोडली की काही सेकंदांत नवी आज्ञावली भरता येते. पट्टीचा आराखडा सर्वांसाठी खुला असल्यामुळे तिच्या स्वस्त नकला निघाल्या; मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत त्या मिळू लागल्या आणि खिशातल्या पैशांत छंद जोपासणे शक्य झाले. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी८२६६ ही वायफाय चिप २०१४ मध्ये बाजारात आल्यावर मोजलेला आकडा दूरवर पाठवणेही तितकेच सोपे झाले.

या छंदाचा पहिला धडा सगळीकडे सारखाच असतो: ब्रेडबोर्ड म्हणजे सोल्डर न करता सुटे भाग खोचता येतील अशी भोकांची पाटी घ्यायची, तिच्यावर एक एलईडी लावायचा आणि तो दर सेकंदाला चालू-बंद करायचा. बहुसंख्य कार्यशाळा याच्या फारशा पुढे जात नाहीत आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प दुकानातून तयार विकत घेण्याची रीतही अभियांत्रिकी महाविद्यालयांना अपरिचित नाही. अशा प्रकल्पात चिप चालते, पडद्यावर अक्षरे उमटतात, परीक्षक समाधान पावतात. न तपासलेले राहते ते एवढेच, की टेबलावरून उतरल्यावर ती वस्तू जगते की नाही. अशिओटोचे महत्त्व याच ठिकाणी आहे. तिच्यातला गणनाचा भाग कोणत्याही हौशी विद्यार्थ्याला एका बैठकीत लिहिता यावा इतका सोपा होता, पण जमीन आणि पाऊल यांच्यामध्ये जो थर असतो त्याने मात्र महिनोन्‌महिने घेतले.

पहिला नमुना तीन दिवसांत, पुठ्ठा आणि ॲल्युमिनियमची फॉइल यांतून उभा राहिला. त्याचे तत्त्व दारावरच्या घंटीचेच: फॉइलचे दोन थर एकमेकांपासून किंचित दूर ठेवायचे, पाय पडला की ते टेकतात आणि परिपथ पूर्ण होतो. पुढच्या नमुन्यात ॲल्युमिनियम कंपोझिट पत्र्यांखाली पिझोइलेक्ट्रिक चकत्या बसवण्यात आल्या. पिझोइलेक्ट्रिक पदार्थ दाबला की त्यात क्षणभर विद्युतदाब निर्माण होतो. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरची ठिणगी त्यातूनच येते. मात्र असा पदार्थ दाब बदलण्याच्या क्षणीच बोलतो, त्यामुळे कोणी चटईवर नुसते उभे राहिले तर तो गप्प होतो, आणि ठिसूळ चकती सततच्या माऱ्याखाली तडकण्याचा धोका असतो तो वेगळाच. उपाहारगृहे, मॉल, मंदिरे अशा ठिकाणी चटई अंथरून चाचण्या झाल्या. चिखल, पाऊस आणि अखंड चालणारी पावले सोसेल असा थर शोधताना संवेदक वारंवार तुटत गेले आणि अखेर चीनहून कार्बनयुक्त पिझोरेझिस्टिव्ह साहित्य मागवावे लागले. पिझोरेझिस्टिव्ह म्हणजे दाब वाढला की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा पदार्थ. तो स्वतः वीज निर्माण करत नाही, पण दाब असेपर्यंत बदललेल्या रोधाच्या रूपाने साक्ष देत राहतो.

हा बदल मायक्रोकंट्रोलरला वाचता यावा यासाठी अशा संवेदकाशी ठरावीक रोधाचा एक रेझिस्टर एकसरीत जोडतात आणि दोघांच्या मधल्या बिंदूचा विद्युतदाब चिपच्या ॲनालॉग पिनेला देतात. उनोसारख्या पट्टीत हा दाब ० ते १०२३ यांपैकी एका आकड्यात बदलला जातो आणि असे वाचन सेकंदाला हजारो वेळा होऊ शकते. चालणाऱ्या माणसाचे पाऊल जमिनीला साधारण अर्धा ते पाऊण सेकंद टेकते. म्हणजे एका पावलाची शेकड्याने वाचने हाती येतात आणि चिपला वेळेची टंचाई मुळीच नसते. अडचण उलटी असते. टाच टेकते, मग चवडा टेकतो, मध्ये दाब किंचित उतरतो, आणि भोळी आज्ञावली एका माणसाची दोन माणसे करते. म्हणून आकडा एका मर्यादेच्या वर गेला की पाऊल सुरू झाले असे मानायचे, तो त्याहून बऱ्याच खालच्या दुसऱ्या मर्यादेखाली उतरेपर्यंत ते संपले असे मानायचे नाही, आणि त्यानंतरही काही क्षण नवे पाऊल स्वीकारायचे नाही, अशी दुहेरी खबरदारी अशा मोजणीत घ्यावी लागते.

उरलेले उत्तर आज्ञावलीत नव्हते, ते चटईच्या मापात होते. चटई फार अरुंद असेल तर लांब ढांगेचा माणूस तिला न शिवता ओलांडतो. फार रुंद असेल तर एकाच माणसाचे दोन्ही पाय तिच्यावर पडतात. वेगवेगळी मापे करून आणि लोकांच्या चालीचे निरीक्षण करून गटाने १८ इंच म्हणजे सुमारे ४६ सेंटीमीटर ही रुंदी निश्चित केली. साऱ्या प्रकल्पातील सर्वांत कसदार अभियांत्रिकी या एका आकड्यात आहे, असे म्हटले तर वावगे होणार नाही, कारण तो कोणत्याही पुस्तकात मिळण्याजोगा नव्हता. दिशेचा प्रश्नही असाच आज्ञावलीबाहेरचा आहे. एकपदरी चटईला येणारा आणि जाणारा यांत फरक कळत नाही, त्यामुळे ती जिथे वाट एकेरी आहे तिथेच अंथरणे शहाणपणाचे ठरते.

२०१५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधील पर्वण्यांच्या काळात या चटयांनी १८ तासांत सुमारे पाच लाख माणसे मोजली आणि आकडे त्या-त्या वेळी वेगवेगळ्या उपकरणांवर उपलब्ध करून दिले. सरासरी काढली तर हे सेकंदाला जवळजवळ आठ माणसे इतके होते. त्या सिंहस्थात चेंगराचेंगरी झाली नाही. त्याचे श्रेय चटईला देण्याचा मोह पुढे अनेक बातम्यांना आवरला नाही, परंतु नवे घाट, एकेरी मार्ग आणि जागोजागचे अडथळे यांचा वाटा बाजूला ठेवून असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. चटई गर्दी थांबवत नाही. ती संख्या सांगते, आणि ती संख्या वाट वळवण्याचा अधिकार असलेल्या माणसापर्यंत वेळेत पोचली तरच तिचा उपयोग होतो. शिवाय आत गेलेल्यांतून बाहेर पडलेले वजा करून घाटावरची गर्दी काढायची झाली, तर लहानशी चूकही मोठी होते: एक लाख माणसे आत गेली, नव्वद हजार बाहेर आली आणि आत येणाऱ्यांच्या मोजणीत केवळ दोन टक्के सुटले, तर आत दहा हजार असताना यंत्र आठ हजारच दाखवेल. प्रयागराजच्या २०२५ च्या महाकुंभात तर कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे गर्दी मोजत होते, तरीही २९ जानेवारीच्या पहाटे चेंगराचेंगरी होऊन अधिकृत आकड्यानुसार ३० जणांचा मृत्यू झाला.

कुंभथॉनची धग मेळ्याबरोबर विझली नाही, ही नाशिकच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट होय. त्याच प्रवाहातून टीसीएस फाउंडेशनचे ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्र शहरात उभे राहिले आणि तिथे आलेल्यांमध्ये लासलगावच्या कल्याणी शिंदे या संगणक अभियंता तरुणीचा समावेश होता. तिने हाती घेतलेला, साठवलेल्या कांद्याच्या सडीचा विषय गर्दीइतकाच अवघड निघाला, कारण ती सडही वेळेत दिसत नाही. एप्रिलच्या सुमारास निघालेला उन्हाळ कांदा भावाची वाट पाहत पुढचे पाच-सहा महिने कांदाचाळीत पडून असतो. खालून आणि बाजूंनी हवा खेळती राहील अशी चाळीची रचना असली तरी पावसाळ्यातील दमटपणात ढिगाच्या पोटात सड सुरू होते आणि ती वास येईपर्यंत वरून ओळखू येत नाही, तोवर शेजारचा मालही हातचा गेलेला असतो. सडणाऱ्या कांद्यातून निघणारे वायू, तापमान आणि आर्द्रता यांचा माग घेऊन शेतकऱ्याला आधीच सूचना देणारे उपकरण ‘गोदाम इनोव्हेशन्स’ या तिच्या उद्योगाने विकसित केले.

या क्षेत्रात हौशी जुळणी किती तोकडी पडते, हे बाजारात सर्रास मिळणाऱ्या एमक्यू मालिकेतील वायुसंवेदकांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. त्यांच्यातील टिन ऑक्साइडचा थर तापवल्याशिवाय काम करत नाही आणि त्या तापकाला दीडशे मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह लागतो. मायक्रोकंट्रोलरला झोपवून ठेवले तर तो काही मायक्रोॲम्पिअरवर महिनोन्‌महिने तग धरेल, पण असा संवेदक अखंड चालू ठेवला तर लॅपटॉपच्या बॅटरीत असतो तसा अडीच हजार मिलिॲम्पिअर-तासांचा सेल दिवसभरही पुरणार नाही. त्यातच हा संवेदक वायूप्रमाणे आर्द्रतेलाही प्रतिसाद देतो, म्हणजे पावसाची सर आली की कांदा सडल्याची खोटी वर्दी मिळण्याची शक्यता असते. म्हणून आर्द्रतेचे वेगळे वाचन घेऊन तेवढा भाग वजा करावा लागतो, आणि ते वजा करण्याचे सूत्र खऱ्या चाळीत, खऱ्या पावसाळ्यात, चांगला आणि सडका माल शेजारी ठेवूनच बसवावे लागते. त्यासाठी वर्षातून एकच हंगाम मिळतो. तो हुकला की पुढच्या वर्षीपर्यंत थांबावे लागते.

गर्दीच्या मोजणीकडे परत यायचे तर, नाशिकचा २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२६-२८ मध्ये आहे आणि मोजणीची साधने दरम्यान पुष्कळ बदलली आहेत. ईएसपी३२ सारखी चिप २४० मेगाहर्ट्‌झवर चालते, तिच्याजवळ उनोच्या २ किलोबाइटऐवजी ५२० किलोबाइट स्मृती असते आणि वायफाय तिच्या अंगातच असते. कॅमेऱ्यांच्या चित्रांतून डोकी मोजणाऱ्या प्रणाली तर त्याहून पुढे गेल्या आहेत. तरीही अंधारात, पावसात, छत्र्यांच्या आणि डोक्यावरच्या गाठोड्यांच्या आड डोकी मोजणे कॅमेऱ्याला जड जाते आणि अशा एकेरी वाटांवर दाब ओळखणारा थर अजूनही उपयोगी ठरू शकतो. अशिओटोची आज्ञावली आणि निर्मितीची पद्धत सर्वांसाठी खुली करण्याचा मानस तिच्या गटाने व्यक्त केला होता. जो कोणी तिच्यासारखी चटई नव्याने करील, त्याला चिप बदलण्यात फारसे कष्ट पडणार नाहीत. परंतु आईचे बोट धरून चालणारे मूल, कडेवरचे बाळ, काठी टेकत जाणारे वृद्ध आणि ओलेत्याने अनवाणी परतणारे भाविक यांच्यासाठी १८ इंचांचे माप आणि दाबाच्या दोन्ही मर्यादा त्याला पंचवटीच्या उतारावर पुन्हा तपासून घ्याव्या लागतील.