काचेवरचे शेवाळ आणि वाळूचा कण

शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा घरी माशांची काचपेटी असली, की काही आठवड्यांतच तिच्या आतल्या बाजूला हिरवट-तपकिरी थर चढतो. मग कोणीतरी उत्साहाने स्वयंपाकघरातली घासणी आणतो आणि काच घासून काढतो. शेवाळ निघते, पण उन्हाची तिरीप पेटीवर पडली की काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसू लागतात. शेवाळ तर मऊ आणि बुळबुळीत. मग ओरखडे आले कोठून?

इ. स. १८१२ मध्ये फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजवैज्ञानिकाने कठिनता मोजण्याची एक सोपी युक्ती काढली. ज्या पदार्थाने दुसऱ्यावर ओरखडा उमटतो तो अधिक कठीण, एवढाच नियम. त्याने दहा खनिजे चढत्या क्रमाने मांडली. पहिले शंखजिरे, दहावा हिरा. या श्रेणीत आपले नख सुमारे २.५, तांबे ३ आणि साधी काच ५.५ च्या आसपास येते. गारगोटी, म्हणजे क्वॉर्ट्‌झ, मात्र ७ वर आहे. आणि पेटीच्या तळाशी आपण जी वाळू पसरतो तिच्यात गारगोटीचे कण असतात. खरा गुन्हेगार तोच! फडके कितीही मऊ असो, त्यात वाळूचा एक कण अडकला की ते फडके राहत नाही, काचकागद होतो. भांडी घासायच्या हिरव्या घासणीत तर बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड चिकटवलेली असते. हा कुरुंदाचाच पदार्थ, कठिनता ९. तेव्हा तिचे नावच नको. राखेतही सिलिकेचे कण असतात, म्हणून तीही नको.

हे स्वतः पडताळून पाहा. रिकामी काचेची बाटली घ्या आणि ओल्या सुती फडक्याने एक जागा पन्नास वेळा घासा. आता फडक्याखाली चिमूटभर वाळू ठेवून शेजारची जागा दहा वेळाच घासा. बाटली पुसून उन्हात तिरपी धरा. दोन्ही जागांतला फरक सांगायला शिक्षकांची गरज पडणार नाही.

मग पेटी स्वच्छ करायची कशी? प्रथम दिव्याची आणि पंपाची पिन काढा. साबण वापरू नका, माशांना तो घातक असतो. स्वच्छ फडके किंवा पांढरा स्पंज घेऊन वरून खाली घासत या आणि वाळूच्या थराच्या दोन बोटे वर थांबा. दर दोन-तीन हातांनंतर फडके वेगळ्या बादलीत खळबळून घ्या. लोहचुंबकाचे दोन तुकडे काचेच्या आत-बाहेर लावून सफाई करण्याची सोय बाजारात मिळते. ती सोयीची खरी, पण आतला तुकडा वाळूत पडला तर धुतल्यावाचून पुन्हा लावू नये.

नव्या पेटीतला तपकिरी थर बहुधा डायाटमचा असतो. तो फडक्याने सहज निघतो. हिरवे गोल ठिपके मात्र हट्टी! त्यांच्यासाठी आधी प्लॅस्टिकचे जुने ओळखपत्र वापरून पाहा. तेवढ्याने भागले नाही तर मोठ्या माणसांकडून नवे पाते चालवून घ्यावे. पोलादाची कठिनता काचेच्या जवळपासच असते, म्हणून पाते काचेला जवळजवळ लागून तिरपे धरावे, टोक रुतू देऊ नये आणि गंजलेले पाते टाकून द्यावे. विंधणविहिरीचे जड पाणी असेल तेथे पाण्याच्या रेषेवर पांढरी कड जमते. ते कॅल्शियम कार्बोनेट. पेटी रिकामी असताना व्हिनेगरने ते विरघळते. मग काच पाण्याने नीट धुवावी.

पेटी काचेची नसून ॲक्रिलिकची असेल, तर पाते अजिबात लावू नये. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ साली नूतनीकरणानंतर जो पारदर्शक बोगदा खुला झाला तो ॲक्रिलिकचाच होता. हा पदार्थ सहजासहजी फुटत नाही, पण काचेपेक्षा पुष्कळ मऊ असल्याने त्यावर चटकन चरे पडतात. त्याची एक बाजू चांगली आहे: मऊ असल्यामुळेच त्याचे बारीक ओरखडे पॉलिश करून काढता येतात. काचेचे तसे सहज निघत नाहीत.

आणखी एक गंमत. आतल्या बाजूचे ओरखडे पेटी भरलेली असताना फिके दिसतात आणि रिकामी केली की उठून दिसतात. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, पाण्याचा १.३३ आणि हवेचा जवळजवळ १. ओरखड्यात पाणी भरले की प्रकाश कमी वळतो आणि कमी विखुरतो. म्हणून जुनी पेटी विकत घेताना ती कोरडी करून पाहावी.

शेवाळ वाढते ते प्रकाशावर आणि माशांच्या विष्ठेतून व उरल्यासुरल्या खाद्यातून पाण्यात येणाऱ्या नायट्रेट-फॉस्फेटवर. पेटी खिडकीच्या उन्हातून हलवली, खाद्य बेताने टाकले आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलले, तर घासण्याचे काम निम्म्याहून कमी होते. मागची काच तर खुशाल हिरवी राहू द्यावी. ते शेवाळ पाण्यातले नायट्रेट शोषून घेते आणि काही मासे व गोगलगायी त्यावर चरतात.