गावाजवळचं कॉलेज: मुलीचं नाव घालण्याआधी



बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत कर्जाच्या विषयाआधी एक प्रश्न हमखास येतो. "ताई, शेजारच्या गावात एका संस्थेने आर्ट्सचं कॉलेज काढलंय. तालुक्याचं कॉलेज लांब पडतं. पोरीला इथंच घालू का?" काही ठिकाणी फलकावर आता 'लिबरल आर्ट्स' असंही लिहिलेलं दिसतं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. म्हणून या अंकात त्यावरच लिहिते.

आधी त्या शब्दाचं बघू. लिबरल आर्ट्स म्हणजे एकाच विषयात अडकून न राहता भाषा, इतिहास, समाजशास्त्र, अर्थशास्त्र, थोडं विज्ञान, थोडी कला असं मिळून शिकणं. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात लवळे गावाच्या हद्दीत फ्लेम विद्यापीठ आहे, तिथे असं शिक्षण मिळतं. पत्ता गावाचा असला तरी फी लाखांत आहे. आपल्या भागातली लहान खाजगी कॉलेजं त्या प्रकारची नसतात. ती साधी बी.ए.ची कॉलेजं असतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त फलकाकडे बघून फी ठरू देऊ नका.

अशा कॉलेजात गेलात की ते अनुदानित आहे, विनाअनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, हे पहिल्यांदा विचारा. अनुदानितमध्ये शिक्षकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी असते. बाकी दोन्हींमध्ये सगळा खर्च मुलांच्या फीमधून निघतो. शिक्षक बऱ्याचदा तासावर येतात आणि चांगली संधी मिळाली की वर्षाच्या मध्येच सोडून जातात. "पूर्णवेळ शिक्षक किती?" असं विचारायला लाजू नका. बी-बियाणं घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, इथे तर पोरीची तीन वर्षं जायची आहेत.

मग संलग्नतेचं पत्र बघायला मागा. पदवी विद्यापीठ देतं, कॉलेज देत नाही. कॉलेज कोणत्या विद्यापीठाला जोडलेलं आहे आणि चालू वर्षाची संलग्नता आहे का, हे पत्रावर दिसतं. कोणत्या विषयांना आणि कोणत्या वर्षापर्यंत मान्यता आहे, तेही वाचा. नवीन कॉलेजात प्रथम वर्ष सुरू असतं आणि पुढच्या वर्गाची मान्यता "येतेय" असं सांगतात. ती आली नाही तर मुलीला मध्येच कॉलेज बदलावं लागतं. 'नॅक'चं मूल्यांकन झालंय का तेही विचारा. नवीन कॉलेजचं झालेलं नसणं समजू शकतं, पण पंधरा-वीस वर्षं जुन्या कॉलेजचं नसेल तर कारण विचारलंच पाहिजे.

विषयांची गोष्ट जरा नीट समजून घ्या, कारण हे नवीन आहे. नवं शैक्षणिक धोरण 2020 साली आलं आणि आपल्याकडच्या संलग्न कॉलेजांत ते 2024-25 पासून पहिल्या वर्षाला लागू झालं. आता मुलीला एक मुख्य विषय निवडायचा असतो आणि सोबत दुसरे विषय घ्यायचे असतात. मोठ्या कॉलेजात निवडायला बरेच विषय मिळतात. लहान कॉलेजात बहुतेक वेळा मराठी, इतिहास, राज्यशास्त्र एवढंच असतं. मुलीला भूगोल किंवा इंग्रजी मुख्य घ्यायचं असेल आणि ते तिथे नसेल, तर घराजवळचं कॉलेज काय कामाचं? हे आधी पोरीला विचारा. बैठकीत मला असं दिसतं की आई बोलते, बाप बोलतो, मामाही बोलतो, आणि जिने शिकायचं ती चहाचे कप उचलत असते.

याच धोरणात आपल्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. एक वर्ष पूर्ण केलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांना पदविका, तीन वर्षांना पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स पदवी मिळते. शिकलेल्याचे गुण म्हणजे 'क्रेडिट' मुलीच्या नावाने ऑनलाइन खात्यात जमा होतात आणि सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत राहतात. मध्येच लग्न झालं, बाळंतपण आलं, तरी पुन्हा सुरुवात करता येते. म्हणून ते खातं कॉलेजने उघडून दिलंय का आणि त्याचा नंबर घरी लिहून ठेवलाय का, हे बघा. (याचा अर्थ पहिल्या वर्षानंतर लग्न उरकायला मोकळीक मिळाली, असा कुणी काढू नका. एका ठिकाणी तो काढलेला मी ऐकलाय!)

आता पैसे. "मुलींचं शिक्षण मोफत झालंय ना?" असं सगळ्याच विचारतात. 2024 चा तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे. साधं बी.ए. त्यात येत नाही. मागासवर्गीय मुलींना शिष्यवृत्ती किंवा फी माफी मिळू शकते. त्याचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो. प्रवेशाआधीच विचारा की हे कॉलेज आणि हा कोर्स महाडीबीटीच्या यादीत दिसतो का. दिसत नसेल तर शिष्यवृत्तीचं आश्वासन ऐकून घेऊ नका. मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं असू द्या. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला काढायला लागतो तो वेळ धरून चाला.

एसटीचंही बघा. बारावीपर्यंत आपल्या मुलींना पास मोफत होता, पुढे तो नाही. पण मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि कॉलेजच्या मुलांचा सवलतीचा पास त्याहून स्वस्त पडतो. त्यामुळे तालुक्याचं अनुदानित कॉलेज आणि जवळचं विनाअनुदानित कॉलेज यांचा वर्षाचा हिशेब कागदावर मांडा. फी, पास, पुस्तकं, परीक्षा फी असं सगळं धरा. लांबचं कॉलेज स्वस्त निघालं असं बऱ्याचदा होतं.

फीसाठी गटातून कर्ज काढणार असाल तर त्याचाही आकडा धरा. 10,000 रुपये महिना 2 टक्क्यांनी घेतले आणि दर महिन्याला 1,000 मुद्दल फेडलं, तर दहा महिन्यांत व्याज 1,100 रुपये होतं. ते आपल्याच गटात राहतं हे खरं, पण दर वर्षी लागणार आहे.

एवढं सगळं सांगूनही मी लहान कॉलेजच्या विरोधात नाही. वर्गात पंचवीस मुलं असली की सरांना नावं माहीत असतात, पोरगी दोन दिवस आली नाही तर घरी फोन येतो. संध्याकाळची शेवटची एसटी चुकली म्हणून शिक्षण सुटलेल्या मुली मी पाहिल्यात, त्यांच्यासाठी चार किलोमीटरवरचं कॉलेज हाच खरा मार्ग असतो. पण "हजेरीची काळजी करू नका, परीक्षेला आलं तरी चालेल" असं जे कॉलेज म्हणतं, तिथून सरळ परत या. तिथे नाव लागेल, शिक्षण होणार नाही. तसंच करायचं असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ जास्त प्रामाणिक आहे. ते 1989 पासून घरी राहून शिकणाऱ्यांसाठीच चालतं. बारावी झालेल्या तुमच्यापैकी कुणाला स्वतःसाठी चौकशी करायची असेल तर तीही करा.

आणि बी.ए. करून काय मिळतं? तलाठी, अंगणवाडीची मुख्यसेविका, एमपीएससी या सगळ्यांना पदवी लागते आणि बी.ए. चालतं. बी.एड.लाही आधी पदवी लागते. कोणत्या कॉलेजची, हे तिथे विचारत नाहीत, पण परीक्षेला बसताना वाचनालयात बसून वाचलेलं आणि न वाचलेलं लगेच कळतं. म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा वाचनालयाचं कुलूप उघडायला सांगा. मुलींसाठी स्वच्छतागृह आणि त्यात पाणी आहे का ते स्वतः आत जाऊन बघा. तक्रार निवारण समितीच्या सदस्यांची नावं भिंतीवर लिहिलेली आहेत का तेही पाहा.

प्रवेशावेळी मूळ दाखले वह्यांसारखे हातात देऊन येऊ नका. तपासून झाले की परत घ्या. कॉलेजला ते अडकवून ठेवता येत नाहीत, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2018 चा नियम आहे. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या.

एकटीने जायला अवघड वाटत असेल तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा, मुलींना सोबत घेऊन. ग्रामसंघाच्या बैठकीत आधी सांगितलंत तर मीही येते, बुधवार सोडून कोणताही दिवस चालेल.