पोट्टं वाचत नाही, याला नेमकं काय अडतं?

‘योजना कितीही आणा, झेडपीच्या शाळेतलं पोट्टं काही वाचत नाही,’ ही नरखेड, मोवाड, जलालखेडा पट्ट्यातली नेहमीची तक्रार. ती निराधार नाही. २०२४च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा धडा वाचता आला. मात्र २०२२ मध्ये, कोरोनानंतर, हेच प्रमाण १६.३ टक्के होतं. म्हणजे आकडा हलतो.

‘मास्तर शिकवतच नाहीत’ हा सगळ्यात लाडका गैरसमज. बिहारमध्ये ‘प्रथम’ संस्थेसोबत झालेले प्रयोग यावर बोलके आहेत. सरकारी शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा वर्षभरात वाचन फारसं सुधारलं नाही. तिथल्याच सरकारी शिक्षकांनी महिनाभराच्या उन्हाळी वर्गात मुलांना वाचायला शिकवण्यावर भर दिला, तेव्हा फरक पडला. पुढे २०१२-१३ मध्ये हरियाणात सरकारी शाळांनी रोजचा एक तास राखून ठेवला. त्या तासाला मुलं इयत्तेप्रमाणे नव्हे, तर जेवढं वाचता येतं त्याप्रमाणे गटात बसायची. हिंदीचं वाचन सुधारलं. गणित मात्र नाही. भर ज्या विषयावर दिला, सुधारणा त्यातच दिसते. अशा तासासाठी अभ्यासक्रम ‘पूर्ण करण्याची’ घाई सोडावी लागते, आणि आपल्या व्यवस्थेला तेच सर्वांत जड जातं.

दुसरा समज भाषेचा. घरी ‘मले’, ‘तुले’ बोलणारं मूल पुस्तकी मराठीत मागे पडणारच, असं मानून त्याची बोली सुधारत बसतात. खरं तर गोष्ट ऐकणं, सांगणं, प्रश्न विचारणं हे बोलीतच आधी जमतं, आणि वाचलेलं समजतं ते त्याच्या बळावर. मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडून हिंदी कानावर पडणाऱ्या मुलालाही हेच लागू.

वाचन पहिलीत सुरू होतं, हेही अर्धसत्य. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला, त्यामुळे अंगणवाडी त्यात आली. मुलांचं पायाभूत वाचन पक्कं करण्याच्या ‘निपुण भारत’ अभियानाची मुदत २०२६-२७ आहे.

डिजिटल वर्गाचं उद्घाटन थाटात होतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी डिजिटल वर्गातल्या टीव्हीबद्दल विचारण्यापेक्षा एवढं विचारावं: तिसरीतल्या किती मुलांना परिच्छेद वाचता येतो, उरलेल्यांसाठी रोजचा तास कोणता, आणि गोष्टीची पुस्तकं कपाटात आहेत की मुलांच्या हातात?