ॲव्हरेज घटले, दोष कुठे?

"गेल्या महिन्यापर्यंत साठचे ॲव्हरेज देणारी गाडी एकदम पंचेचाळीसवर आली." ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत अधूनमधून ऐकू येते आणि पाठोपाठ सल्लेही येतात. कोणी म्हणते प्लग बदला, कोणी पंपाच्या मापावर शंका घेते, कोणी इथेनॉलला बोल लावते. मग एकेक भाग बदलत जायचे आणि पैसे मोजत राहायचे. वास्तविक हा भौतिकशास्त्राचा चांगला प्रश्न आहे आणि हातात पाना न घेताही तो बराचसा सोडवता येतो.

आधी तोट्याचा हिशेब करू. ६० वरून ४५ म्हणजे ॲव्हरेज २५ टक्के घटले. मग पेट्रोलही २५ टक्केच जास्त लागेल का? शाळेला जाऊन-येऊन रोज ४० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस, म्हणजे १,००० किलोमीटर झाले. पूर्वी त्याला १६.७ लीटर लागत, आता २२.२ लागतील. वाढ साडेपाच लीटरची, म्हणजे ३३ टक्के! वर्गात हे गणित जरूर घालावे. बहुतेक मुले २५ म्हणून मोकळी होतात. युरोपात 'शंभर किलोमीटरला किती लीटर' असे मोजतात, ते या दृष्टीने अधिक सरळ आहे.

ॲव्हरेज हा अपूर्णांक आहे. वर किलोमीटर, खाली लीटर. तेव्हा गाडीवर संशय घेण्याआधी ही दोन मापे तपासावीत. अनेक जुन्या गाड्यांत किलोमीटरचा आकडा पुढच्या चाकाला जोडलेल्या केबलवर फिरतो. केबल झिजली की आकडा मधूनमधून थांबतो. गाडी चालते, पण मोजली जात नाही. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी दहा किलोमीटरचा ताळा घेतला की हे कळते. लीटरचे माप अधिक फसवे. गाडी साइड स्टँडवर तिरकी उभी असताना टाकी भरली आणि दुसऱ्या वेळी मेन स्टँडवर सरळ उभी करून भरली, तर 'फुल'ची पातळी एक राहत नाही. पाच लीटरच्या हिशेबात अर्ध्या लीटरची चूक म्हणजे थेट दहा टक्के. म्हणून दोन्ही वेळा गाडी त्याच रीतीने उभी करून, त्याच खुणेपर्यंत भरावे आणि मध्ये निदान दोनशे किलोमीटर जाऊ द्यावेत. याच काळात रस्त्याचे काम निघाले आहे का, मागे रोज कोणी बसू लागले आहे का, हेही आठवून पाहावे.

माप बरोबर आहे आणि तरीही घट आहे, असे ठरले की पुढचा प्रश्न ऊर्जेचा. एक लीटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. साठच्या ॲव्हरेजला किलोमीटरमागे सुमारे ५३० किलोज्यूल खर्च होतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना हवेचा आणि टायरचा मिळून विरोध साधारण ७० न्यूटन धरला, तर गाडी पुढे ढकलायला किलोमीटरमागे ७० किलोज्यूलच लागतात. उरलेली ऊर्जा मुख्यतः इंजिनाच्या उष्णतेत आणि घर्षणात जाते. म्हणजे घट दोन ठिकाणी होऊ शकते: एक तर चाकांना जास्त काम करावे लागते आहे, किंवा तेवढ्याच कामासाठी इंजिन जास्त पेट्रोल पिते आहे. यांतले कोणते, ते एका साध्या प्रयोगाने कळते.

गिअरची मोटारसायकल घ्यावी. मोकळ्या, सपाट मैदानावर ती ताशी ३० किलोमीटर वेगात आणून न्यूट्रल करावी आणि ब्रेक न लावता ती आपोआप कुठे थांबते ते पाहावे. नंतर उलट दिशेनेही तसेच करून सरासरी काढावी, म्हणजे उतार आणि वारा यांचा परिणाम बराचसा कटतो. स्वारासह वजन १८० किलो असेल तर गतिज ऊर्जा सुमारे ६,२५० ज्यूल येते. सरासरी विरोध ५० न्यूटन असेल तर गाडी १२५ मीटर जाईल. तोच ६५ झाला तर ९६ मीटरवरच थांबेल. पंधरा न्यूटनचा फरक चालवणाऱ्याला सहसा जाणवतही नाही, इथे मात्र तो पावलांनी मोजता येतो. गाडी ठीक असतानाचा आकडा वहीत असेल तर फारच उत्तम. नसेल तर तशीच दुसरी गाडी त्याच स्वाराने चालवून पाहावी.

गाडी लवकर थांबली तर दोष चाकांकडे. टायरमधली हवा पाहावी, चेन फार ताणलेली किंवा कोरडी आहे का ते पाहावे. पण घट एकाएकी झाली असेल तर पहिला संशय ब्रेकवर घ्यावा. नुकताच ब्रेक घट्ट करून घेतला असेल तर विशेषच. पंधरा न्यूटनने घासणारा ब्रेक ताशी ४० वेगाला सुमारे १६५ वॅट उष्णता निर्माण करतो. ब्रेक फारसा न वापरता दहा मिनिटे गाडी चालवावी आणि दोन्ही चाकांच्या ड्रमजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एक गार आणि एक गरम लागला, तर निदान झालेच. डिस्क असेल तर हात लावू नये, भाजते. गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवले तरी घासल्याचा आवाज येतो.

गाडी पूर्वीइतकीच लांब गेली तर दोष इंजिन, क्लच किंवा इंधन यांत शोधावा. चढावर ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, हे क्लच घसरत असल्याचे लक्षण. क्लच ठीक असेल तर प्लग काढून पाहावा. त्याचे टोक फिकट तपकिरी असावे. त्यावर कोरडी, काळी काजळी साठली असेल तर पेट्रोल हवेच्या मानाने जास्त येते आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. तेवढी मिळाली नाही तर कार्बन उरतो. कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक अडकला, फ्लोटमुळे पेट्रोल वाहू लागले किंवा एअर फिल्टर तुंबला की असे होते. इंजेक्शनच्या गाडीचे मात्र निराळे आहे. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये आधुनिक मोटारींवर केलेल्या चाचणीत फिल्टर तुंबल्याने वेग घेण्याची क्षमता घटली, पण पेट्रोलचा खर्च फारसा वाढला नाही, कारण संगणक हवा पाहूनच इंधन सोडतो. अशा गाडीत तापमानाचा किंवा ऑक्सिजनचा सेन्सर बिघडला तर फटका बसतो. इंजिन गरम झाले तरी ते थंडच आहे असे संगणकाला वाटत राहते आणि तो जादा पेट्रोल सोडत राहतो. इथे आपला प्रयोग संपतो आणि मेकॅनिकचे यंत्र लागते.

राहिले इथेनॉल. त्याच्या लीटरमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते. २०२५ पासून आपल्याकडे पंपांवर सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असते, म्हणून मिश्रणाच्या लीटरमध्ये सुमारे २९.८ मेगाज्यूल उरतात. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर ही घट ७ टक्के आहे. एवढ्याने साठचे छप्पन्न होतील. पंचेचाळीस होण्यासाठी आणखी काहीतरी बिघडलेले असावे लागते. शिवाय इंधनाचा दोष एकाच गाडीला गाठत नाही. त्याच पंपावर पेट्रोल भरणाऱ्या चार सहकाऱ्यांना त्यांचे आकडे विचारावेत. त्यांचे जिथल्या तिथे असतील, तर आपल्या गाडीचे मागचे चाक फिरवून पाहायला हवे.